विक्रीआधीची परीक्षा: इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची सुरक्षा नोंदणी

मोबाइलचा चार्जर, लॅपटॉप, एलईडी दिवा, पॉवर बँक किंवा टीव्ही उलटा करून पाहिला तर बारीक अक्षरांत छापलेली एक खूण दिसते. तिच्यावर ‘आयएस’ या अक्षरांपुढे एक क्रमांक असतो आणि तिच्या खाली ‘आर’ या रोमन अक्षरापुढे आठ आकडे असतात. पहिला क्रमांक वस्तूला लागू असलेल्या भारतीय मानकाचा आणि दुसरा ती वस्तू बनवणाऱ्या कारखान्याच्या नोंदणीचा. भारतात ठरावीक यादीतली इलेक्ट्रॉनिक वस्तू ही नोंदणी असल्याखेरीज बनवता, आयात करता, विकता, भाड्याने देता, साठवता किंवा विक्रीसाठी मांडताही येत नाही. नोंदणी देण्याचे काम भारतीय मानक ब्युरो करतो. कोणत्या वस्तूंना ती लागू करायची हे केंद्र सरकार राजपत्रात आदेश काढून ठरवते.

वस्तूंवर मानकाची खूण असण्याची पद्धत भारतात जुनी आहे. भारतीय मानक संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘आयएसआय’, जानेवारी १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ पासून तिची खूण वस्तूंवर येऊ लागली. १९८७ मध्ये संस्थेची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली, तरी खुणेचे जुने नाव टिकून राहिले. इस्त्री, गिझर, वायर, स्विच यांवर आजही आयएसआयचीच खूण असते. ती मिळण्यापूर्वी ब्युरोचे अधिकारी कारखान्यात जातात, यंत्रे आणि तपासणीची व्यवस्था पाहतात आणि नमुने घेतात. इस्त्रीच्या बाबतीत हे जमते, कारण इस्त्रीचा नमुना वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. मोबाइल आणि लॅपटॉपचे मात्र दर काही महिन्यांनी नवे मॉडेल येते आणि त्यांचे कारखाने शेन्झेनपासून व्हिएतनामपर्यंत पसरलेले आहेत. प्रत्येक ठिकाणी निरीक्षक पाठवून परवाना द्यायचा म्हटले तर परवाना हाती येईपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेले असेल.

म्हणून इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी वेगळी वाट काढण्यात आली. निर्मात्याने आपली वस्तू भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यायची, ती मानकात बसते असे स्वतः लेखी जाहीर करायचे, आणि त्या अहवालाच्या व घोषणेच्या बळावर ब्युरोने नोंदणी क्रमांक द्यायचा. नोंदणीपूर्वी कारखान्याची तपासणी होत नाही. या योजनेचे बळ आणि तिची कमजोरी, दोन्ही याच एका गोष्टीत आहेत. सुरुवातीच्या खुणेवर तर ‘स्वयंघोषणा’ या अर्थाचे इंग्रजी शब्दच छापलेले असत. पुढे त्यांच्या जागी ब्युरोचे चिन्ह आले, पण योजनेचा गाभा स्वयंघोषणेचाच राहिला. २०१६ चा भारतीय मानक ब्युरो कायदा आणि त्याखालचे २०१८ चे अनुरूपता मूल्यमापन विनियम हा तिचा आजचा कायदेशीर पाया आहे. त्या विनियमांत आयएसआय खुणेची पद्धत ‘योजना १’ आणि नोंदणीची पद्धत ‘योजना २’ म्हणून ओळखली जाते.

सक्तीचा पहिला आदेश २०१२ मध्ये निघाला आणि जुलै २०१३ पासून तो अमलात आला. त्यात १५ प्रकारच्या वस्तू होत्या: लॅपटॉप आणि टॅब्लेट, ३२ इंच व त्याहून मोठे टीव्ही, मायक्रोवेव्ह ओव्हन, प्रिंटर, स्कॅनर, सेट टॉप बॉक्स वगैरे. त्यामागे सुरक्षेइतकेच अर्थकारणही होते. माहिती तंत्रज्ञान करारावर सही केल्यामुळे २००५ पर्यंत संगणक, दूरसंचार उपकरणे अशा अनेक वस्तूंवरचे आयात शुल्क भारताला शून्यावर आणावे लागले होते. स्वस्त माल येऊ लागला, त्यात चांगला होता तसा टाकाऊही होता. शुल्क वाढवून टाकाऊ माल अडवण्याचा रस्ता बंद झाल्यावर मानकाची गाळणी लावणे एवढाच मार्ग उरला. २०१२ च्या राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक्स धोरणातही निकृष्ट आणि असुरक्षित मालाला आळा घालण्यासाठी मानके सक्तीची करण्याचा मनोदय स्पष्ट मांडला होता.

यादी पुढे वाढत गेली. २०१४ च्या विस्तारात मोबाइल फोन, पॉवर अॅडॉप्टर, पॉवर बँक, एलईडी दिवे, छोटे यूपीएस आणि लिथियम बॅटऱ्या आल्या. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा टप्पा, कारण घराघरांत रात्रभर सॉकेटला लागलेल्या वस्तू याच आहेत. २०१७ मध्ये स्मार्ट वॉच आणि सीसीटीव्ही कॅमेरे, २०२० मध्ये ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस हेडफोन, वेबकॅम, डिजिटल कॅमेरे अशी भर पडली. सौर पॅनेल आणि इन्व्हर्टरसाठी नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१७ मध्ये स्वतंत्र आदेश काढून हीच नोंदणी पद्धत वापरली. आज ही यादी साठहून अधिक प्रकारांवर गेली आहे.

नोंदणीची खूण दर्जाची हमी देते, हा समज मात्र चुकीचा आहे. चित्र सुंदर दिसेल, आवाज खणखणीत येईल, पॉवर बँक डब्यावर लिहिल्याइतकी क्षमता देईल, यातले काहीही ही खूण सांगत नाही. तिचा संबंध विजेचा धक्का, आग, भाजणे, स्फोट आणि यांत्रिक इजा यांच्याशी आहे. संगणक, मोबाइल, अॅडॉप्टर यांना आयएस १३२५२ (भाग १), दृक्‌श्राव्य उपकरणांना आयएस ६१६, बॅटऱ्यांना आयएस १६०४६, एलईडी बल्बना आयएस १६१०२ (भाग १) अशी मानके लावण्यात आली. ती बहुतेक आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या मानकांवर आधारलेली आहेत. संगणक आणि टीव्ही यांच्यातली सीमा पुसट झाल्यामुळे यांतल्या पहिल्या दोहोंची जागा आता आयएस/आयईसी ६२३६८-१ हे एकच मानक घेत आहे. त्याची विचारपद्धतही वेगळी आहे. जुने मानक रचना कशी असावी ते सांगत असे. नवे मानक उपकरणातल्या प्रत्येक ऊर्जास्रोताची, इजा न करणारा, दुखवणारा आणि घातक अशा तीन वर्गांत विभागणी करते आणि माणूस व तो स्रोत यांच्यामध्ये किती संरक्षक कवचे हवीत हे विचारते.

सुरक्षा म्हणजे नेमके काय तपासतात, हे कळण्यासाठी मोबाइलचा चार्जर हे सर्वांत चांगले उदाहरण आहे. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रवाह चार्जरमध्ये आधी एकदिश केला जातो. तेव्हा त्याचा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. मग एक स्विचिंग मंडल आणि छोटा ट्रान्सफॉर्मर मिळून त्याचे ५ व्होल्ट करतात. म्हणजे काडेपेटीएवढ्या डबीत एका बाजूला जीव घेणारी वीज आणि दुसऱ्या बाजूला माणूस ज्या केबलला हात लावतो ती वीज असते. या दोन बाजूंमध्ये असतात ट्रान्सफॉर्मरच्या तारेवरचे आवरण, सर्किट बोर्डवर राखलेली मोकळी जागा आणि एखादा खास कपॅसिटर. मोबाइल फोनची, आणि तो कानाला लावणाऱ्याचीही, सगळी सुरक्षा या तीन गोष्टींवर टिकून असते.

निकृष्ट चार्जरमध्ये काटकसर नेमकी इथेच होते. तिहेरी आवरणाच्या तारेऐवजी साधी इनॅमलची तार गुंडाळतात, खास कपॅसिटरच्या जागी साधा बसवतात, बोर्डवरचे अंतर मिलिमीटरभरावर आणतात. असा चार्जर पहिल्या दिवशी उत्तम चालतो. बाहेरून पाहून तो ओळखणे जवळपास अशक्य असते. प्रयोगशाळेत मात्र तो लपत नाही. घरगुती विजेवर चालणाऱ्या उपकरणात दोन बाजूंमध्ये दुहेरी संरक्षणाइतके अंतर लागते, ते बोर्डच्या पृष्ठभागावरून मोजल्यास साधारण ५ मिलिमीटर भरावे लागते. नमुना आधी दमट कोठीत दोन दिवस ठेवतात, कारण ओल शिरल्यावरच विद्युतरोधक आवरणाचा खरा कस लागतो. मग दोन्ही बाजूंमध्ये एक मिनिटभर ३००० व्होल्टचा दाब देतात. या मिनिटात आवरण फुटले तर नमुना नापास.

यानंतर स्पर्श प्रवाह मोजतात. अर्थिंग नसलेल्या उपकरणाच्या बाहेरच्या भागाला हात लावला तर शरीरातून ०.२५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाता कामा नये. साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला माणसाला झिणझिण्या जाणवू लागतात, त्याच्याही खाली ही मर्यादा आहे. प्लग सॉकेटमधून उपसल्यावर त्याच्या पिनांवर साठून राहिलेला विद्युतभार एका सेकंदात मूळ दाबाच्या ३७ टक्क्यांपर्यंत उतरला पाहिजे, कारण लहान मूल उपसलेल्या प्लगची पिन पकडते. कवचाच्या फटींतून विजेच्या भागापर्यंत बोट जाते का, हे पाहण्यासाठी सांधे असलेले धातूचे बोट असते. कवच दाबून, त्यावर पोलादी गोळा टाकून, हातात धरायची वस्तू एक मीटर उंचीवरून पाडून पाहतात. प्लास्टिकला ज्योत लावून ते किती वेळात विझते हे मोजतात.

सर्वांत बोलकी तपासणी मुद्दाम केलेल्या बिघाडाची. एकेक सुटा भाग शॉर्ट करतात किंवा तोडतात, हवेची छिद्रे झाकतात आणि काय होते ते पाहतात. इथे उपकरण चालू राहावे अशी अपेक्षाच नसते. ते कायमचे बंद पडले तरी पास. पेटले, वितळून आतला भाग उघडा पडला किंवा धक्का देऊ लागले तर नापास. अगदी लेबलचीही परीक्षा होते: पाण्यात भिजवलेल्या फडक्याने १५ सेकंद आणि मग पेट्रोलियम द्रावकात भिजवलेल्या फडक्याने आणखी १५ सेकंद घासल्यावर अक्षरे वाचता आली पाहिजेत. ज्या लेबलवर सगळी जबाबदारी लिहिलेली आहे ते पुसले गेले तर नोंदणीला अर्थ राहत नाही, त्यामुळे ही कसोटी वाटते तितकी क्षुल्लक नाही.

बॅटरीचे प्रकरण वेगळे. तिला भिंतीतल्या विजेची गरज नसते, आगीची सामग्री तिच्या पोटातच असते. लिथियम सेल शॉर्ट करतात, गरजेपेक्षा जास्त चार्ज करतात, १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तीन वेळा काँक्रीटवर पाडतात आणि १३ किलोन्यूटन बलाने, म्हणजे सव्वा टनाहून थोड्या जास्त वजनाने, चिरडतात. त्यातून आग किंवा स्फोट होता कामा नये.

नोंदणीची वाट प्रत्यक्षात कशी चालते हे एका कल्पित उदाहरणावरून समजते. समजा भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याला स्वतःच्या नावाने पॉवर बँक विकायची आहे. पहिला प्रश्न आतल्या लिथियम सेलचा. सेल स्वतःच यादीत असल्यामुळे तो नोंदणी असलेल्या कारखान्यातूनच आणावा लागतो. सोबत अॅडॉप्टर देणार असतील तर त्याचीही नोंदणी वेगळी. मग कारखाना आपल्या वस्तूची रचना, परिमाणे, मंडल आणि महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी असलेले तपशीलपत्रक तयार करतो. हे पत्रक म्हणजे वस्तूची कुंडलीच. पुढे फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, प्लास्टिक यांपैकी काहीही बदलले तर ब्युरोला कळवावे लागते आणि गरजेप्रमाणे पुन्हा तपासणी करावी लागते.

ब्युरोच्या संकेतस्थळावरून तपासणीची विनंती निघते आणि नमुने प्रयोगशाळेत जातात. प्रयोगशाळा खासगीही असतात आणि सरकारीही. केंद्र सरकारच्या प्रमाणन संचालनालयाची अंधेरीची प्रादेशिक प्रयोगशाळा आणि पुण्याचे चाचणी केंद्र ही महाराष्ट्रातली ठिकाणे. एकाच घराण्यातली मॉडेल असतील तर प्रातिनिधिक मॉडेलची पूर्ण तपासणी करून बाकीच्यांचा फक्त फरकापुरता विचार होतो. अहवाल हाती आल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जासोबत कारखान्याच्या अस्तित्वाचा पुरावा, ब्रँडच्या मालकीचा किंवा तो वापरण्याच्या अधिकाराचा कागद आणि हमीपत्र जोडतात. छाननीनंतर क्रमांक मिळतो. सुरुवातीला तो साधारण दोन वर्षे चालतो, पुढे नूतनीकरण होते.

क्रमांक मिळतो तो कारखान्याला, ब्रँडला नव्हे, आणि व्यापाऱ्यालाही नव्हे. अनेक नवे उद्योजक इथे अडखळतात. तीच पॉवर बँक भोसरीऐवजी चाकणच्या दुसऱ्या कारखान्यात बनवून घ्यायची तर त्या कारखान्याची नोंदणी हवी. परदेशातून तयार माल आणून त्यावर आपले नाव छापणाऱ्याला स्वतः नोंदणी घेता येत नाही. माल बनवणाऱ्या परदेशी कारखान्यानेच ती घ्यावी लागते आणि त्याने भारतात एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. कायद्याचे उल्लंघन झाले तर जाब याच प्रतिनिधीला विचारला जातो. परदेशी प्रयोगशाळेचा अहवाल, मग तो कितीही नामांकित असो, या नोंदणीसाठी चालत नाही. तपासणी भारतातच झाली पाहिजे. युरोपातली ‘सीई’ किंवा अमेरिकेतली ‘यूएल’ खूण असलेला मालही त्यामुळे भारतात आपोआप विकता येत नाही. परदेशी कंपन्यांची ही जुनी तक्रार आहे, आणि एकच परीक्षा दोनदा द्यावी लागते या अर्थाने ती खोटीही नाही. नोंदणी नसलेला माल बंदरावर अडवला जातो. तो परत पाठवावा लागतो, नाहीतर वापरता येणार नाही असा मोडून भंगारात काढला जातो. केवळ निर्यातीसाठी बनवलेल्या मालाला मात्र या आदेशातून सूट आहे.

वेळेचा प्रश्नही खरा होता. मोबाइल फोनच्या बाबतीत आधी सेल, मग बॅटरी, मग फोन असे एकामागून एक टप्पे पार करावे लागत आणि तोवर प्रतिस्पर्ध्याचा फोन दुकानात पोहोचलेला असे. आता या भागांची तपासणी समांतर करण्याची मुभा दिली गेली आहे. मोठ्या कंपनीला तपासणीचा खर्च हजारो नगांवर वाटता येतो. दोनशे नग विकू पाहणाऱ्या नवउद्योजकाला तो प्रत्येक नगामागे जड जातो. मानकाची पायरी सगळ्यांसाठी सारखी असली तरी ती चढण्याचे कष्ट सारखे नसतात, आणि या योजनेवरचा हा आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे.

यादीतल्या काही वस्तूंसाठी सुरक्षेच्या पलीकडच्या अटीही आल्या आहेत. मोबाइल फोनसाठी आयएस १६३३३ (भाग ३) हे मानक लागू झाले. त्यानुसार फोनवर सर्व २२ अधिकृत भारतीय भाषांमधला मजकूर वाचता आला पाहिजे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत तो लिहिता आला पाहिजे. स्वस्तातल्या फोनवरही मराठी संदेश चौकोनी ठोकळ्यांऐवजी अक्षरांत दिसतो, त्यात या अटीचा वाटा आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२४ च्या दुरुस्तीने सायबर सुरक्षेच्या कसोट्या लावल्या. धक्का न देणारा कॅमेरा घरातले चित्र परक्याच्या हाती देत असेल तर तोही असुरक्षितच, असा याचा अर्थ.

तरीही ही नोंदणी म्हणजे विक्रीचा एकमेव परवाना नव्हे. ब्लूटूथ किंवा वाय-फाय असलेल्या वस्तूला दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची वेगळी मान्यता लागते. वेष्टनावर वैध मापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे किंमत आणि पत्ता छापावा लागतो. ई-कचऱ्याच्या नियमांखाली निर्मात्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद करावी लागते.

नोंदणीनंतर काय होते, यावर योजनेची खरी किंमत ठरते. प्रयोगशाळेत गेलेला नमुना निर्मात्यानेच निवडलेला असतो. तो चांगला असणारच. म्हणून ब्युरो बाजारातून नमुने उचलून पुन्हा तपासतो आणि त्याचा खर्च नोंदणीधारकाकडून वसूल करतो. नमुना नापास झाला तर नोंदणी निलंबित किंवा रद्द होऊ शकते आणि माल बाजारातून परत घेण्याचा आदेश निघू शकतो. २०१६ च्या कायद्यात विनानोंदणी विक्रीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, पहिल्या वेळी किमान २ लाख आणि पुढे किमान ५ लाख रुपये दंड अशी तरतूद केली गेली. हा दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. कायदा कडक आहे. पण गल्लीबोळांत सुट्या विकल्या जाणाऱ्या चार्जरच्या मानाने उचलले जाणारे नमुने थोडेच असतात, आणि खोटा क्रमांक छापायला फक्त छपाईयंत्र लागते.

ही उणीव काही अंशी ग्राहकाला भरून काढता येते. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत अॅपमध्ये ‘आर’ क्रमांक टाकला की कारखान्याचे नाव व पत्ता, वस्तूचा प्रकार, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे की नाही हे दिसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदी करताना दुकानातच हे पाहता येते. क्रमांक खरा असूनही तो भलत्याच वस्तूचा किंवा भलत्याच ब्रँडचा निघाला, तर ती नक्कल समजावी. चार्जर, पॉवर बँक आणि सुटी बॅटरी या तीन वस्तू घेताना तरी क्रमांक अवश्य तपासावा आणि पक्के बिल घ्यावे. खूण खोटी आढळल्यास त्याच अॅपवरून ब्युरोकडे तक्रार करता येते.